फुकट होतं तेवढंच वापरलं नाहीस

“सर, बजेटच नव्हतं,” हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा काढायचं नाही. तुझी 28 मिनिटांची फिल्म मी शेवटपर्यंत पाहिली. तुझ्या निम्म्या दोस्तांनीही तेवढं केलेलं नाही. तुझा हिशेबाचा कागदही वाचला. आता मी बोलणार आणि तू ऐकणार. मध्ये फोन वाजला तर तो शाळेत जायचा तसा माझ्या कपाटात जाईल.

कागदापासूनच सुरू करू. एकूण खर्च 42,000 रुपये. त्यातले 13,000 कॅमेरा आणि लेन्सच्या भाड्याचे. 11,000 ड्रोनचे, तेही एका सकाळचे. 9,000 फेस्टिव्हलांच्या फीचे. 5,000 पोस्टर आणि बॅनरचे. उरलेल्या 4,000 मध्ये सगळ्या युनिटचा चहा, नाश्ता आणि ऑटो. साउंडच्या रकान्यात काय आहे? वाच मोठ्याने. आडवी रेघ. जो पोरगा सगळं शूटिंगभर कानाला हेडफोन लावून उन्हात उभा राहिला, त्याच्या नावापुढे? तिथेही आडवी रेघ. नटांपुढे? तीच.

यातले वीस हजार आईने भिशी उचलून दिले, हे तू मला सांगितलं नाहीस. तिने सांगितलं. म्हणून मी एवढा चिडलोय.

हातात पैसे कमी असणं हा गुन्हा नाही. पण जे होते ते तू फिल्म ‘मोठी’ दिसावी म्हणून उडवलेस. आणि गल्ली, भाषा, वेळ, शेजारीपाजारी, स्वतःचे कान, हे जे फुकट मिळत होतं त्याला हातही लावला नाहीस. माझी तक्रार एवढीच आहे. ती आज चारी बाजूंनी ऐकून घे.

बजेट नव्हतं म्हणतोस. 1912 साली दादासाहेब फाळक्यांना भांडवल हवं होतं आणि कुणी देत नव्हतं. त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि रोप वर येईपर्यंत थोड्याथोड्या वेळाने चित्रं टिपत राहिले. ‘अंकुराची वाढ’ म्हणतात त्या फिल्मला. जेमतेम मिनिटभराची. एक कुंडी, एक कोंब आणि महिनाभराचा धीर, एवढंच साहित्य. ती पाहून पैसेवाल्यांचा विश्वास बसला, आणि 3 मे 1913 ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यासाठी सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले, ते विसरू नकोस. बाईचे पैसे लागले की पुरुषाने किती राबायचं असतं, तेही त्या माणसाकडून शीक.

फार जुनं वाटतंय? मग मालेगावला चल. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखने 2000 साली ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे 2008 मध्ये फैजा अहमद खानने त्या मंडळींवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. बघ तो. क्रेन नाही म्हणून बैलगाडीच्या दांड्यावर कॅमेरावाला बसवतात. ट्रॉली नाही म्हणून सायकल ढकलतात. यंत्रमागावर पाळी करून आलेली माणसं काम करतात. त्या फिल्मा अडाणी वाटतील तुला. पण त्यांना आपला प्रेक्षक कोण हे ठाऊक होतं, तो कशाला हसतो ते ठाऊक होतं, आणि पडदा कुठे लागणार तेही ठाऊक होतं. या तिन्हींपैकी तुला काय ठाऊक होतं?

आणि फोनवर शूट केलं तर लोक हसतील म्हणालास. शॉन बेकरने 2015 ची ‘टँजरीन’ आयफोनवर चित्रित केली. त्याच बेकरला 2025 मध्ये ‘अनोरा’साठी दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. तुम्ही पोरं ही गोष्ट एकमेकांना सांगता, पण अर्धीच. ‘टँजरीन’चं चित्र फोनवर होतं. आवाज मात्र साउंडचं काम जाणणाऱ्या माणसाने, वेगळ्या यंत्रावर घेतला होता. तू नेमकं उलटं केलंस. चित्राला भाड्याची लेन्स आणि आवाजाला देवाची कृपा.

आता गोष्टीकडे येऊ. हायटेक सिटीतला नोकरदार हिरो, प्रेमभंग, गच्चीचा कठडा, अचानक उगवलेला म्हातारा भिकारी, त्याचे तत्त्वज्ञानाचे चार डोस, आणि शेवटी काळ्या पडद्यावर इंग्रजीत संदेश. मध्ये तीन वेळा वरून चारमिनार. अरे, चारमिनार वरून कसा दिसतो हे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. त्या 11,000 रुपयांत तू आम्हाला नवीन काय दाखवलंस?

तू याच हैदराबादच्या गौलीगुड्यात जन्मलास. तुझ्या फिल्ममध्ये गौलीगुडा कुठे आहे?

निजामाच्या काळातला तो प्रचंड गोल पत्र्याचा हँगर तू लहानपणी रोज पाहिलास. मूळचा विमानं ठेवायचा, पुढे त्याचं बसस्थानक झालं. अख्ख्या शहराच्या बसगाड्या त्याच्या पोटातून सुटायच्या. मोठं बसस्थानक मुसी नदीवर गेल्यावरही सिटी बस तिथून जातच होत्या. 5 जुलै 2018 ला तो कोसळला. काही दिवस आधीच रिकामा केला होता म्हणून माणसं वाचली. त्या छपराखाली ज्यांनी उभा जन्म काढला, ते कंडक्टर, टपरीवाले, हमाल अजून याच भागात राहतात. गेलास कधी एकाकडे तरी? चहाच्या दोन कपांच्या खर्चात तुला गोष्ट मिळाली असती.

थोडं पुढे अफजलगंजला चालत जा. उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात एक जुनं चिंचेचं झाड आहे. 28 सप्टेंबर 1908 ला मुसीच्या पुराने हजारो माणसं नेली, तेव्हा त्या चिंचेवर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले असं सांगतात. आज पेशंटचे नातेवाईक त्या आवारात डबे उघडून बसतात. एखाद्या दुपारी नुसता बसून राहिला असतास तर तीन फिल्मांचा मसाला घेऊन घरी आला असतास. जांबबागेत विवेकवर्धिनी आहे, इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. एके काळी हे शहर मराठवाड्याचीही राजधानी होतं. 1956 मध्ये मराठवाडा तिकडे गेला आणि आपली घरं इकडे राहिली. सोयरिकी औरंगाबाद-नांदेडला आणि रेशनकार्ड हैदराबादचं, असं जगणं तुझ्या आजीचं झालं. तिच्यावर एक शॉट नाही. भिकाऱ्याच्या तोंडी तत्त्वज्ञान मात्र आहे.

आणि भाषा! तुझी पात्रं बोलायला लागली आणि मला वाटलं सदाशिव पेठेतलं कुणी चुकून कोठीला उतरलंय. “मला तुझ्याशी याविषयी काही बोलायचं आहे.” कोण बोलतं असं तुझ्या घरात? तुझी आई “परेशान नको करू की रे, हल्लू बोल” म्हणते. तुझा बाप दुकानात तेलुगूत भाव करतो, शेजारच्या सरदारजींशी दखनीत गप्पा मारतो आणि घरी येऊन मराठीत चिडतो. एका माणसाच्या तोंडात तीन भाषा, आणि त्यातली प्रत्येक कुठे वापरायची याचं त्याला भान आहे. हे पुण्यातल्या दिग्दर्शकाला लाख रुपये खर्चून मिळणार नाही. आणि तू ते लाजून झाकलंस! कुणाला लाजलास? नागराज मंजुळे जेऊरकडचा माणूस. अहमदनगरला शिकत असताना त्याने ‘पिस्तुल्या’ केली आणि राष्ट्रीय पुरस्कार घेतला. तिच्यातली माणसं आपल्या मुलखाची भाषा बोलतात, कुणाची परवानगी मागत नाहीत. आपल्याच शहरात नागेश कुकुनूरने अमेरिकेत नोकरी करून साठवलेल्या पैशांतून 1998 ची ‘हैदराबाद ब्लूज’ काढली. माणसं शहरात बोलतात तशी इंग्रजी, तेलुगू आणि हिंदी एकत्र बोलली, आणि लोकांनी तिकिटं काढून ती पाहिली. तरुण भास्करने तेलंगणाच्या बोलीत ‘सैन्मा’ ही शॉर्टफिल्म केली आणि मग 2016 मध्ये ‘पेळ्ळि चूपुलु’पर्यंत पोचला. यांच्यापैकी एकानेही आपल्या आईची बोली इस्त्री करून पडद्यावर आणली नाही.

साउंडबद्दल बोलताना माझा आवाज चढेल, तयार राहा. तुझी पहिली चार मिनिटं मला एक शब्द धड ऐकू आला नाही. पंखा, फ्रिज, खालची बस, वरच्या मजल्यावरचा मिक्सर, सगळे स्पष्ट. हिरोईन तेवढी अस्पष्ट. आणि तू म्हणतोस, “गौलीगुड्यात गोंगाट फार आहे सर.” नाचता येईना अंगण वाकडं!

उमेश कुलकर्णीची ‘गिरणी’ बघ. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधलं काम, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेलं. घरात पिठाची गिरणी येते आणि तिचा आवाज एका पोराचं सगळं बालपण व्यापून टाकतो. तिथे गोंगाट हीच गोष्ट आहे. म्हणजे गोंगाट एक तर बंद करायचा, नाही तर कामाला लावायचा. तू त्याला नुसता आत येऊ दिलास.

लिहून घे. शूटिंगच्या आधी त्या जागी जाऊन सकाळी, दुपारी आणि रात्री डोळे मिटून बसायचं. बस किती वाजता कमी होतात, आरती कधी, अजान कधी, पाण्याचा टँकर कधी, सगळं वहीत. खोलीत पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद केल्यावर मोटारीची किल्ली त्यातच ठेवायची, म्हणजे घरी जाताना तो पुन्हा चालू करायची आठवण राहते. घुमतंय? भिंतींवर आईच्या गोधड्या टांग. नटाच्या सदऱ्याच्या आत साधा कॉलर माइक लाव. तोही नसेल तर दुसरा फोन त्याच्या खिशात रेकॉर्डिंगवर ठेव आणि सुरुवातीला टाळी वाजव, एडिटिंगला जुळवता येतं. निघण्यापूर्वी सगळ्यांना गप्प करून अर्धा मिनिट त्या खोलीची शांतता रेकॉर्ड कर. त्याला रूम टोन म्हणतात, आणि तो नसेल तर प्रत्येक कटला आवाज ठेच खातो. तुझ्या फिल्ममध्ये तो सोळा ठिकाणी खातो. या सगळ्याला किती पैसे लागतात सांग बरं? हे त्या साउंडवाल्या पोराने तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू म्हणालास, “पोस्टमध्ये बघू.” पोस्टमध्ये काय बघितलंस? दिवे!

लांबीबद्दल विचारलं तर म्हणालास, ऑस्करला 40 मिनिटांपर्यंत शॉर्टफिल्म चालते. चालते. श्रेयनामावलीसकट चालते. म्हणून गोष्ट 9 मिनिटांची असताना 28 करायची? हिरो गच्चीवर चढताना प्रत्येक पायरी दाखवलीस. का, तर तो शॉट घ्यायला दीड तास लागला होता. शॉटला किती घाम गेला हे प्रेक्षकाला माहीत नसतं आणि त्याने माहीत करून घेऊही नये. एडिटिंगच्या टेबलावर दिग्दर्शकाने स्वतःच्या कष्टांशी निर्दय व्हायचं असतं. कट झाला की आठवडाभर बंद करून ठेवायचं. मग आवाज बंद करून बघायचं, गोष्ट कळते का. मग चित्र झाकून ऐकायचं, कंटाळा येतो का. दोन्ही परीक्षांत जे मिनिट नापास होईल त्याची गय नाही.

गाण्याचा तुझा पराक्रम तर वेगळाच. जुन्या सिनेमातलं गाणं उचललंस, आणि फिल्म टाकल्या संध्याकाळी गाण्याच्या मालकाचा दावा आला, आवाज बंद झाला. आता रडतोस की “तीस सेकंद वापरलं तर चालतं.” कुठल्या कायद्यात लिहिलंय? 1957 चा कॉपीराइट कायदा काढ आणि मला तीस सेकंदांचं कलम दाखव. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, आणि त्या ध्वनिमुद्रणाचा आणखी वेगळा. तिघांची परवानगी नसेल तर ती चोरी, श्रेयात “आभार” लिहिलंस तरीही. आपल्या गल्लीत राममंदिरात भजन म्हणणारी मंडळी आहेत. त्यांच्यासमोर हात जोडले असतेस, लेखी होकार घेतला असतास, तर पेटी-तबला तुला चहावर मिळाला असता.

आता फिल्म लोकांपर्यंत नेण्याचा भाग. “लोक आपल्या माणसाला सपोर्ट करत नाहीत,” असं तू स्टेटसला लिहिलंस. लोकांनी काय करायचं होतं? रात्री साडेअकराला तू चाळीस ग्रुपांवर लिंक फेकलीस. बरोबर मजकूर काय? “लाइक, शेअर, सबस्क्राइब.” भाऊबीजेला बहिणीच्या दारात ओवाळणी ठेवून बेल वाजवून पळून जावं, तसं झालं हे. फिल्म कशाबद्दल आहे, किती मिनिटांची, मी ती का पाहावी, एक अक्षर नाही.

त्या 9,000 रुपयांच्या फेस्टिव्हलांची नावं मी वाचली. दर महिन्याला बक्षिसं देणारे, पत्ता नसलेले, पडदाच नसलेले फेस्टिव्हल. फी भरली की दोन पानांच्या मधोमध तुझं नाव छापून पाठवतात. तू त्या पानांनी पोस्टर भरून टाकलंस, अगदी कुंपण घातल्यासारखं. तिथे एकाही जिवंत माणसाने बसून तुझी फिल्म पाहिली का? फी भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारायचे. कुठल्या सभागृहात दाखवता? निवड कोण करतं? मागच्या वर्षी कुठल्या फिल्मा होत्या? उत्तर नसेल तर पाकीट खिशात. मुंबईचा मिफ 1990 पासून माहितीपट आणि लघुपटांसाठीच आहे. तिरुवनंतपुरमचा लघुपट महोत्सव आहे. तिथे नापास झालास तरी त्यात शिकण्यासारखं काही असेल. आणि काही फेस्टिव्हलांना आधी कुठेही जाहीर न झालेली फिल्म लागते. तू सगळ्यांत आधी ती यूट्यूबवर उघडी टाकलीस आणि नंतर नियम वाचलेस. आधी नियम वाचायचे. तोपर्यंत फिल्म पासवर्ड घालून ठेवायची.

सबटायटल नाहीत. गौलीगुड्यात राहून! तुझ्या जिन्यात तेलुगू घर, समोर मारवाडी, पलीकडे शीख. शंभर पावलांत तुझा सगळा प्रेक्षक राहतो, आणि त्यातल्या निम्म्यांना तू दाराबाहेर ठेवलंस. तेलुगू सबटायटल तुझ्या बापाने आणि खालच्या काकांनी बसून एका रात्रीत करून दिले असते. विचारलंस का?

आपल्याच हैदराबादेत वाढलेला एक पोरगा होता. फोटोग्राफर बापाचा कॅमेरा घेऊन बारा वर्षांचा असताना त्याने पहिली फिल्म केली. श्याम बेनेगल. 1976 मध्ये त्यांनी ‘मंथन’ काढला, तेव्हा गुजरातच्या 5 लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन-दोन रुपये दिले. दहा लाख जमले. पुढचं ऐक. फिल्म लागली तेव्हा ते शेतकरी गाड्या भरभरून ती पाहायला आले, कारण ती त्यांची होती. ज्या वस्तीचं नाव गवळ्यांवरून पडलंय तिथल्या पोराला ही गोष्ट मी सांगावी लागते! तू वस्तीकडे ना पैसे मागितलेस, ना गोष्ट, ना गाणं, ना तासाभराची सोबत. मग ती तुला सपोर्ट कशाचा करणार? तिला तू फिल्ममध्ये घेतलंच नाहीस.

शेवटचं, आणि माझ्या लेखी सगळ्यांत मोठं. श्रेयनामावलीत तुझं नाव सात वेळा आहे. कथा तू, पटकथा तू, दिग्दर्शन तू, संकल्पना तू, आणि वर “अ फिल्म बाय” तू. साउंडवाल्याचं नाव चुकीचं छापलंय. आडनावच दुसरं. नायिकेच्या आईने तीन दिवस डबे पाठवले, तिचा उल्लेखही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजेपर्यंत युनिट उपाशी होतं आणि तू सूर्यास्त पकडत होतास. फुकट काम करायला आलेल्या माणसाला तरी वेळेवर जेवण, खरं नाव आणि तयार फिल्मची एक प्रत द्यायची असते. एवढंही ज्याला जमत नाही, त्याला दुसऱ्यांदा कुणी भेटत नाही. आणि शॉर्टफिल्म करणाऱ्याची सगळी पुंजी म्हणजे दुसऱ्यांदा आनंदाने येणारी माणसं. पैसा आज नाही, उद्या येईल. ती माणसं गेली की परत येत नाहीत.

आता गृहपाठ. नवी फिल्म, पाच मिनिटांच्या आत. एक खोली किंवा एक ओटा. माणसं दोन. ड्रोन नाही, गाणं नाही, मरण नाही, स्वप्न नाही, शेवटी संदेश नाही. कॅमेरा तुझा फोन. तो टेकवायला स्टँड नसेल तर पुस्तकांची चळत. बोलणं तुझ्या घरातलं. स्क्रिप्ट चार वेळा लिहायची, आणि चारही प्रती माझ्याकडे आणायच्या, लाल शाईला जागा सोडून. सगळं शूटिंग त्याच रात्री दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, एक तुझ्याकडे, एक दुसऱ्याच्या घरी. फिल्म झाली की आधी गच्चीवर चादर बांधून जिन्यातल्या सगळ्या घरांना बोलवायचं, तेलुगू सबटायटलसकट. तू मागे उभा राहायचं आणि पडद्याकडे बघायचंच नाही. लोकांच्या पाठी बघायच्या. कोण हललं, कोणी फोन काढला, कोण कुठे हसलं, ते मिनिटासकट लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कट करायचा. त्यानंतर फेस्टिव्हल, आणि सगळ्यांत शेवटी इंटरनेट.

पण स्क्रिप्ट घेऊन माझ्याकडे यायच्या आधी त्या साउंडवाल्याच्या घरी जा. त्याचे दिवसाचे काय होतात ते त्यालाच विचार. एकदम जमत नसेल तर हप्ते ठरव, आणि पहिला हप्ता आजच दे. श्रेयनामावलीत त्याचं नाव नीट करून फिल्म पुन्हा काढ. ते झालं की तो स्वतः मला फोन करेल. त्याचा फोन येईपर्यंत माझं दार वाजवायचं नाही.